पाठ

अकरा हंगाम मी हॉग्नीची पाठ पाहिली आहे.
चार नंबर, डाव्या खांद्याशी उसवलेला,
त्याच्या आईने काळ्या लोकरीने टाचलेला.
चेहरा विचाराल तर नीट सांगता यायचा नाही.
पाठीराखा मागे असतो म्हणतात;
माझा पुढे होता.

आमचं मैदान म्हणजे समुद्राने उसनी दिलेली जागा.
एका अंगाला फॅरोचा डोंगर, त्यावर मेंढ्या,
दुसऱ्या अंगाला धक्का, आणि तिथे होडी घेऊन
बाहेर गेलेले चेंडू वेचणारा म्हातारा बायनिर.
पेनल्टीला चेंडू कुणीतरी
बोटाने धरून ठेवावा लागतो, असला वारा.
उंच चेंडू आला की बाकीचे आकाशाकडे बघतात.
हॉग्नी कडेच्या गवताकडे बघतो.
ते कुठे झुकलंय ते पाहून दोन पावलं सरकतो
आणि चेंडू, बऱ्याच विचारांती,
त्याच्याच कपाळावर येतो.

तो धावतो थोडंच. (त्याच्यासमोर हे म्हणू नका.)
पण दर दोन श्वासांना मान वळते,
डावा खांदा, उजवा खांदा,
चुलीवर दूध ठेवून दारात बोलत उभ्या बाईसारखी.

शेजारी रोकुर, एकोणीस वर्षांचा,
दिसला पाय की घातली उडी.
हॉग्नी त्याच्यावर ओरडत नाही.
"उभा राहा," म्हणतो, "पडलेल्याला कुणीही ओलांडतं."
समोरचा नाचतो, कंबर इकडे, चेंडू तिकडे,
हॉग्नी अर्धं पाऊल मागे, अजून अर्धं पाऊल मागे,
वसुलीला आलेल्या माणसाला
उंबऱ्यावरच बोलण्यात गुंतवावं तसा,
जोवर त्याला उरते ती एकच वाट,
रेषेबाहेरची.

बॉक्समध्ये तो हात पाठीमागे धरतो.
ते मलाच दिसतात.
मासे सोलून सोलून पांढरी पडलेली बोटं
एकमेकांत अडकवलेली,
आणि उजवा अंगठा थरथरत असतो.
हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये उत्तरेच्या बेटावरचे आले.
आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकतो.
एकोणनव्वदावं मिनिट, शून्य-शून्य,
उजवीकडून क्रॉस. मी ओरडलो, "माझा!"
वाऱ्याने तो शब्द उचलून फियॉर्डमध्ये टाकला.
हॉग्नीने जे करायचं तेच केलं:
गवत, दोन पावलं, कपाळ, चेंडू मागे माझ्याकडे.
फक्त त्याला मी जिथे हवा होतो
तिथे मी नव्हतो.
चेंडू माझ्या बोटांवरून गेला, सावकाश,
जवळजवळ माफी मागत, जाळ्यात.

आणि हॉग्नी वळला.

करडे डोळे. नाकावर जुन्या मोडीची गाठ.
दाढीत मीठ, खरंखुरं, समुद्राचं.
अकरा वर्षं मी या माणसाच्या आडोशाला उभा होतो.
वाटलं, शिवी येईल.
शिवी मला पचली असती.
तो जाळ्यापर्यंत आला, चेंडू काढला,
पोटाशी घासून पुसला.
"मोठ्याने ओरडत जा," म्हणाला,
आणि निघाला मधल्या वर्तुळाकडे.
चार नंबर. काळी लोकर.

पाठ दाखवली म्हणजे माणूस पळाला,
असं लोक समजतात. समजू द्या.

उरलेल्या चार मिनिटांत पुन्हा क्रॉस आला,
त्याच बाजूने, तेवढाच उंच.
मी एवढ्या जोराने ओरडलो
की डोंगरावरच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं.
हॉग्नीने मान वळवली नाही. गवत पाहिलं नाही.
नुसता वाकला,
आणि त्याच्या पाठीवरून
चेंडू माझ्या हातात आला.